गाचा (खेळ पद्धती)

गाचा ही प्रामुख्याने मोबाइलवरील खेळांमध्ये वापरली जाणारी विक्रीपद्धती आहे. हिच्यात खेळाडू आभासी चलन खर्च करून सोडत काढतो आणि त्या सोडतीतून त्याला एखादे पात्र, शस्त्र वा अन्य वस्तू यादृच्छिकपणे मिळते. कोणती वस्तू मिळणार हे आधी ठरवता येत नाही; केवळ प्रत्येक वस्तू मिळण्याची संभाव्यता ठरलेली असते. ज्या खेळांचे उत्पन्न मुख्यत्वे या पद्धतीवर अवलंबून असते, त्यांना गाचा खेळ असे म्हणतात. हे खेळ बहुधा विनामूल्य उतरवून घेता येतात व त्यांचा खर्च सोडतींच्या विक्रीतून भागवला जातो.

व्युत्पत्ती

'गाचा' हा शब्द जपानी भाषेतील 'गाशापोन' किंवा 'गाचापोन' या नादानुकारी शब्दावरून आला आहे. जपानमध्ये दुकानांबाहेर व रेल्वे स्थानकांवर नाणे टाकून खेळणे मिळवण्याची यंत्रे असतात. यंत्राची मूठ फिरवताना होणारा आवाज म्हणजे 'गाचा' आणि खेळणे असलेली प्लॅस्टिकची गोल डबी खाली पडतानाचा आवाज म्हणजे 'पोन'. अशी यंत्रे १९६० च्या दशकात अमेरिकेतून जपानमध्ये आली. १९७७ मध्ये बंदाई ही खेळणी बनवणारी कंपनी या व्यवसायात उतरली. यंत्रावर आतील खेळण्यांच्या संचाचे चित्र असते, परंतु त्यांपैकी कोणते खेळणे हाती येईल हे डबी उघडल्यावरच कळते. मोबाइल खेळांनी नेमके हेच तत्त्व उचलले.

इतिहास

जपानमधील मोबाइल खेळांत ही पद्धत २०१० नंतरच्या काळात रूढ झाली. 'पझल अँड ड्रॅगन्स' (२०१२), 'मॉन्स्टर स्ट्राइक' (२०१३), 'ग्रँडब्लू फँटसी' (२०१४) आणि 'फेट/ग्रँड ऑर्डर' (२०१५) हे तिचे ठळक जपानी नमुने होत. पुढे चीन व दक्षिण कोरिया येथील कंपन्यांनीही ती स्वीकारली. शांघाय येथील मिहोयो कंपनीचा 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर प्रसिद्ध झाला आणि जपानबाहेरील फार मोठ्या खेळाडूवर्गास या पद्धतीची ओळख झाली.

सोडतीची रचना

बहुतेक गाचा खेळांत पुढील घटक आढळतात.

* आभासी चलन – सोडत थेट रुपयांत वा डॉलरांत विकत घेतली जात नाही. पैसे देऊन प्रथम एक चलन घ्यावे लागते, त्याचे दुसऱ्या चलनात रूपांतर करावे लागते आणि मग त्यातून सोडत काढता येते. तेच चलन खेळातील कामगिरी पूर्ण करूनही थोड्या प्रमाणात मिळते. या टप्प्यांमुळे एका सोडतीची खरी किंमत चटकन लक्षात येत नाही.
* दुर्मीळता – पात्रांची विभागणी ताऱ्यांनी वा अक्षरांनी दर्शवलेल्या श्रेणींत केलेली असते. श्रेणी जितकी वरची, तितकी ती मिळण्याची शक्यता कमी.
* बॅनर – ठरावीक मुदतीची सोडत. तिच्यात एखाद्या पात्राची शक्यता वाढवलेली असते. मुदत संपल्यावर ते पात्र पुन्हा कधी येईल हे सहसा सांगितले जात नाही.
* पुनरावृत्ती – तेच पात्र पुन्हा मिळाल्यास त्याचे सामर्थ्य वाढते. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये अशी वाढ सहा टप्प्यांत होते. म्हणजे पूर्ण सामर्थ्यासाठी तेच पात्र एकूण सात वेळा मिळावे लागते.

संभाव्यतेचे गणित

प्रत्येक सोडत स्वतंत्र असेल, तर आधीच्या अपयशांचा पुढील सोडतीवर काहीही परिणाम होत नाही. 'इतक्या वेळा मिळाले नाही, म्हणजे आता मिळणारच' हा समज चुकीचा आहे. संभाव्यताशास्त्रात त्यास जुगाऱ्याचा तर्कदोष म्हणतात.

एखाद्या पात्राची शक्यता १ टक्का असेल, तर १०० सोडतींत ते नक्की मिळेल असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १०० सोडतींत एकदाही न मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३६.६ टक्के असते. ते किमान एकदा मिळण्याची शक्यता ९० टक्क्यांवर नेण्यासाठी २३० सोडती लागतात. दहा सोडती एकत्र काढल्या म्हणून प्रत्येक सोडतीची शक्यता वाढत नाही.

हमीचा नियम

दीर्घकाळ अपयश येणाऱ्या खेळाडूसाठी अनेक खेळांत कमाल मर्यादा ठेवलेली असते. जपानी खेळाडू तिला 'तेन्जो' म्हणजे 'छत' म्हणतात, तर इंग्रजी भाषक खेळाडूंत 'पिटी' हा शब्द रूढ आहे. ग्रँडब्लू फँटसी या खेळात २०१६ मध्ये खेळाडूंच्या तक्रारींनंतर ३०० सोडतींनंतर हवे ते वैशिष्ट्यपूर्ण पात्र निवडण्याची सोय करण्यात आली.

गेन्शिन इम्पॅक्टमधील पात्रांच्या बॅनरचे प्रसिद्ध झालेले नियम या पद्धतीचे चांगले उदाहरण आहेत. तेथे एका सोडतीस १६० 'प्रिमोजेम' लागतात. पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. दर १० सोडतींत किमान एक चतुःतारांकित वस्तू आणि ९० सोडतींत किमान एक पंचतारांकित पात्र मिळण्याची हमी आहे. मात्र ते पात्र जाहिरात केलेलेच असेल असे नाही. मूळ नियमानुसार त्याची शक्यता ५० टक्के होती. २०२४ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत ती एकंदरीने ५५ टक्के करण्यात आली. पहिल्या खेपेस दुसरे पात्र आले, तर पुढील पंचतारांकित पात्र जाहिरातीतीलच मिळते. म्हणून अपेक्षित पात्रासाठी अधिकात अधिक १८० सोडती, अर्थात २८,८०० प्रिमोजेम लागू शकतात. अमेरिकेत ६,४८० स्फटिकांच्या संचाची किंमत ९९.९९ डॉलर आहे आणि एका स्फटिकाचा एक प्रिमोजेम होतो. विशेष सवलती वगळल्यास ही कमाल रक्कम सुमारे ४४४ डॉलर होते. अपूर्ण राहिलेल्या सोडतींची मोजणी त्याच प्रकारच्या पुढील बॅनरसाठी ग्राह्य धरली जाते.

हमीसह पंचतारांकित पात्राची एकत्रित शक्यता १.६ टक्के असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे. याचा अर्थ सरासरी ६२.५ सोडतींत एक असे पात्र मिळते. परंतु पहिल्या ८९ सोडतींत शक्यता सतत ०.६ टक्केच राहिली असती, तर ९० व्या सोडतीची हमी धरूनही ही सरासरी सुमारे ६९.७ आली असती. यावरून हमीची सोडत येण्यापूर्वीच शक्यता वाढू लागते हे सिद्ध होते. खेळाडूंनी जमवलेल्या नोंदींनुसार ही वाढ सुमारे ७४ व्या सोडतीपासून सुरू होते. अशा वाढीला खेळाडू 'सॉफ्ट पिटी' म्हणतात. प्रसिद्ध केलेल्या आकड्यांतून सर्व नियम उघड होतातच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

कॉम्प्लीट गाचा

कॉम्प्लीट गाचा, जपानी संक्षेपाने 'कोम्पु गाचा', या प्रकारात सोडतीतून मिळणाऱ्या वस्तूंचा ठरावीक संच पूर्ण केल्यावरच मोठे बक्षीस मिळत असे. समान शक्यतेच्या सहा पत्त्यांचा संच पूर्ण करण्यास सरासरी १४.७ सोडती लागतात. त्यांपैकी पहिला पत्ता एकाच सोडतीत मिळतो, तर शेवटच्या एकट्या पत्त्यासाठी सरासरी सहा सोडती खर्ची पडतात. संच पुरा होत आला की खेळाडूस थांबणे कठीण जाते आणि नेमका तेव्हाच प्रत्येक नव्या पत्त्याचा खर्च सर्वाधिक असतो. अल्पवयीन मुलांनी मोठ्या रकमा खर्च केल्याच्या तक्रारींनंतर जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये हा प्रकार अनुचित बक्षिसांविषयीच्या कायद्याचा भंग करणारा ठरवला. १ जुलै २०१२ पासून ही बंदी अमलात आली. साधा गाचा मात्र चालू राहिला.

कायदेशीर स्थिती

* चीन – १ मे २०१७ पासून सोडतीतील शक्यता जाहीर करणे बंधनकारक आहे.
* बेल्जियम – २०१८ मध्ये तेथील जुगार आयोगाने पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या यादृच्छिक पेट्या जुगाराच्या व्याख्येत बसतात असा निर्णय दिला.
* दक्षिण कोरिया – २२ मार्च २०२४ पासून शक्यता जाहीर करणे सक्तीचे झाले.
* ऑस्ट्रेलिया – सप्टेंबर २०२४ पासून अशी सशुल्क सोडत असणाऱ्या नव्या खेळांना किमान 'एम' हे वयोवर्गीकरण दिले जाते.
* अमेरिका – जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने गेन्शिन इम्पॅक्टच्या प्रकाशकावर शक्यता व खऱ्या खर्चाविषयी मुलांची दिशाभूल केल्याचा आरोप ठेवला. कंपनीने २ कोटी डॉलर देण्यास आणि पालकांच्या संमतीविना १६ वर्षांखालील मुलांना सोडती न विकण्यास मान्यता दिली.
* भारत – २०२५ च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे.

याशिवाय ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ पासून आपल्या ॲप स्टोअरवरील खेळांना खरेदीपूर्वी शक्यता दाखवणे आवश्यक केले.

टीका आणि समर्थन

टीकाकारांच्या मते गाचा व जुगार यांची मानसिक बैठक एकच आहे: अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस माणसास पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यास प्रवृत्त करते. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत हे तत्त्व दाखवले होते. सोडतीच्या वेळची रोषणाई, संगीत, थोडक्यात हुकल्याची भावना आणि बॅनरची संपत आलेली मुदत यांनी हा परिणाम वाढतो. उत्पन्नाचा मोठा भाग थोड्या, पण फार खर्च करणाऱ्या खेळाडूंकडून येतो. व्यवसायात त्यांना 'व्हेल' म्हणजे देवमासा म्हटले जाते.

समर्थकांचे म्हणणे असे की, जिंकलेले पात्र बहुधा अधिकृतपणे पैशांत बदलता येत नाही, म्हणून हा जुगार नव्हे. तसेच या पद्धतीमुळे असंख्य खेळाडूंना एक पैसाही न देता पूर्ण खेळ खेळता येतो. नियमितपणे चलन साठवून हमीची मर्यादा गाठल्याखेरीज सोडत न काढणारे खेळाडूही पुष्कळ आहेत. हमीचा नियम, जाहीर शक्यता आणि खर्चावरील मर्यादा या तीन गोष्टी पाहूनच एखाद्या खेळातील सोडत किती न्याय्य आहे हे ठरवता येते.

हे सुद्धा पहा

* संभाव्यता
* लॉटरी
* जुगार
* व्हिडिओ गेम