खानदेशचे हवामान : तापी खोऱ्यातील ऊन, पाऊस आणि थंडी

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेस सह्याद्री यांच्यामध्ये तापीचे खोरे पसरले आहे. जळगाव व धुळे हे जिल्हे मुख्यतः याच खोऱ्यात मोडतात. सह्याद्रीमुळे समुद्राचा सौम्य प्रभाव येथे फारसा पोहोचत नाही. त्यामुळे हवामान कोरडे आणि विषम आहे.

उन्हाळा मार्चपासून जाणवू लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर जळगाव व भुसावळ सुमारे दोनशे मीटरवर. मे महिन्यात येथे पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि काही वर्षी पंचेचाळिशीही ओलांडतो.

मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास येतो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस सप्टेंबरअखेर पडून जातो. वार्षिक सरासरी जळगाव जिल्ह्यात सातशे, तर धुळ्यात सहाशे मि.मी.च्या आसपास आहे. मात्र साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात पाऊस अधिक, तर पर्जन्यछायेतील शिंदखेडा तालुक्यात बराच कमी असतो. पावसाने दीर्घ उघडीप दिल्यास कोरडवाहू शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते.

या अनिश्चिततेवर पांझरा व तिच्या परिसरातील नद्यांकाठच्या गावांनी पूर्वीपासून फड पद्धतीचा तोडगा काढला. बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटाने शिवारात आणायचे, शिवाराचे फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचे, अशी ही सामुदायिक व्यवस्था होय. पाणी कमी असलेल्या वर्षी मोजकेच फड भिजवले जातात. त्यामुळे टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर पडत नाही.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असते आणि उत्तरेकडील थंड वारे येऊ लागतात. धुळ्यात किमान तापमान काही वेळा पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. रब्बीच्या गहू-हरभऱ्यास ही थंडी मानवते, केळीस मात्र नाही. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध आहेत. तापमान दहा अंशांखाली राहिल्यास झाडाची वाढ मंदावते आणि घड बाहेर पडताना अडकतो. उन्हाळ्यात उष्ण वाऱ्याने पाने फाटतात व होरपळतात. म्हणून बागेभोवती शेवरीसारख्या झाडांचे कुंपण करतात. ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होत असली, तरी रावेर-यावल भागातील विहिरी व कूपनलिकांची पातळी मोठ्या उपशामुळे खोल गेली आहे.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी व जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट हे धोके धरलेले आहेत. तापमानाच्या धोक्याची भरपाई हवामान केंद्रातील नोंदींवरून ठरते. त्यामुळे ज्या तापमानाकडे शहरातील वाचक बातमी म्हणून पाहतो, त्यातील एका अंशाच्या फरकावर तापीकाठच्या बागायतदाराचे वर्षाचे गणित अवलंबून असू शकते.