प्लॅस्टिक प्रस्फुरक

विद्युत् भारित कण आरपार गेला असता क्षण‌भर क्षीण चमक (प्रस्फुरण) देणारे पारदर्शक प्लॅस्टिक. या चमकेवरून कणाची नोंद करणाऱ्या उपकरणास प्रस्फुरण अभिज्ञातक म्हणतात. चमक निर्माण करणे त्यामानाने सोपे असते. ती वाटेत शोषली जाण्यापूर्वी प्रकाशग्राहकापर्यंत पोहोचविणे अवघड असते. या अभिज्ञातकाचा इतिहास मुख्यत्वे या अडचणीशी निगडित आहे.

विल्यम क्रुक्स यांनी १९०३ मध्ये झिंक सल्फाइडाच्या पडद्यावर आल्फा कणांमुळे उमटणाऱ्या चमका भिंगातून दाखविल्या. मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या हाताखाली गायगर व मार्सडेन यांनी १९०९ मध्ये अशाच चमका अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजल्या. हे काम अतिशय शिणविणारे होते. करन व बेकर यांनी १९४४ मध्ये डोळ्याच्या जागी प्रकाशगुणक नलिका योजली. चूर्णरूप झिंक सल्फाइडाच्या जाड थरातून प्रकाश बाहेर पडत नसे. कालमान यांनी १९४७ मध्ये नॅप्थॅलिनाचा पारदर्शक खडा वापरून ही मर्यादा ओलांडली. परंतु मोठे निर्दोष स्फटिक वाढविणे कष्टाचे होते. शॉर व टॉर्नी यांनी १९५० मध्ये पॉलिस्टायरिनात टर्फेनिल मिसळून घन प्रस्फुरक तयार केला आणि हव्या त्या आकाराचे तक्ते मिळू लागले.

तक्ते मोठे होताच शोषणाचा प्रश्न पुढे आला. पॉलिस्टायरिनाचा स्वतःचा जंबुपार प्रकाश काही मिलिमीटरांतच शोषला जातो. म्हणून सुमारे १ टक्का टर्फेनिल ती ऊर्जा घेते व त्याहून पुष्कळच अल्प प्रमाणातील दुसरे द्रव्य (उदा., पॉपॉप) तिचे निळ्या प्रकाशात रूपांतर करते. प्रत्येक टप्प्यास तरंगलांबी वाढते व प्लॅस्टिक त्या प्रकाशास अधिक पारदर्शक ठरते. तरीही चांगल्या प्रस्फुरकातही दोनतीन मीटरांच्या वाटचालीत प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो. १ सेंमी. जाडीतून जाणारा वेगवान कण सुमारे २० हजार फोटॉन देतो. पण नलिकेपर्यंत त्यांतील थोडेच पोहोचतात.

प्लॅस्टिकाचा प्रणमनांक सु. १·५८ असल्याने पृष्ठभागाशी काढलेल्या लंबाशी ३९ अंशांपेक्षा मोठा कोन करणारे किरण पूर्णपणे आत परावर्तित होतात. याकरिता पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत लागतो. बोटांचा तेलकट ठसाही कालांतराने त्यावर सूक्ष्म भेगा पाडतो. भोवतीचा ॲल्युमिनियमाचा वर्ख चिकटवीत नाहीत, सैल गुंडाळतात. मधला हवेचा थर नाहीसा झाल्यास हे परावर्तनही जाते.

रुंद तक्त्याच्या कडेचा प्रकाश लहान नलिकेत आणण्यासाठी प्लॅस्टिकाचे वळविलेले पट्टे प्रकाशवाहक म्हणून लावीत. मात्र सर्व दिशांनी पसरलेला प्रकाश भिंगांनी वा आरशांनी हव्या तितक्या लहान क्षेत्रात दाटविता येत नाही. क्षेत्र कमी केले की त्या प्रमाणात प्रकाश गमवावा लागतो. १ मी. लांब व १ सेंमी. जाड कडेचे क्षेत्र १०० चौ. सेंमी. होते, तर ५ सेंमी. व्यासाच्या नलिकेचे तोंड जेमतेम २० चौ. सेंमी. असते.

या कोंडीतून वाट दाखविली ती शोषणानेच. निळा प्रकाश दुसऱ्या द्रव्यात शोषवून हिरव्या रूपात पुन्हा बाहेर टाकल्यास तो नव्याने अडकविता येतो व वरील बंधन लागू राहत नाही, ही कल्पना गार्विन यांनी १९६० मध्ये मांडली. पुढे तिला तंतूंचे रूप आले. प्रस्फुरकातील खाचेत बसविलेला बारीक तंतू निळा प्रकाश शोषून हिरवा देतो. त्यातील काही टक्केच तंतूत अडकतो, पण तो कित्येक मीटर जातो. फर्मिलॅबपासून ७३५ किमी. अंतरावरील सूदान (मिनेसोटा) येथील खाणीत २००५–१६ या काळात न्यूट्रिनो शलाकेचा अभ्यास करणाऱ्या मिनॉस प्रयोगात ८ मी. लांबीपर्यंतच्या पट्ट्या याच रीतीने वाचल्या गेल्या; एवढी लांबी केवळ निळ्या प्रकाशाने पार होणे कठीण होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स–३ या विश्वकिरण प्रयोगातही हाच बदल घडला. आरंभीच्या अभिज्ञातकांत १ चौ. मी. प्रस्फुरकापासून सु. ६० सेंमी. अंतरावर नलिका टांगलेली असे. नंतरच्या अभिज्ञातकांत तंतू बसविण्यात आले.

किरणोत्सर्गाच्या दीर्घकाळ माऱ्याने प्लॅस्टिक पिवळे पडते. पिवळेपणा प्रथम निळा प्रकाश गिळतो, हिरव्यास त्यामानाने कमी बाध येतो.