शवावांचून निवाडा : भाऊसाहेब व त्यांचा तोतया

नाशिकाजवळ गोदातीरीं गंगापुरास गोपिकाबाई पेशवे यांनीं उत्तरायुष्य काढिलें, हें वाचकांस विदित आहेच. त्यांचे पुत्र विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले. त्यांचें शव शत्रूच्या छावणींतहि ओळखलें गेलें, त्यामुळें त्या मरणाविषयीं वाद उरला नाहीं. त्याच घरांतील पार्वतीबाईंचें दुःख निराळें. पति सदाशिवरावभाऊ गर्दींत दिसेनासे झाले. बाईंनीं वैधव्य पत्करिलें नाहीं.

ह्या रिकाम्या जागेंत सुखनिधान नांवाचा कनोजा ब्राह्मण शिरला. थोरल्या माधवरावांच्या वेळीं तो धरला गेला व अखेर रत्नागिरीस कैदेंत राहिला. १७७६ त रामचंद्र नाईक परांजपे यांनीं त्याला मोकळें करून भाऊ म्हणून उभें केलें, तेव्हां कोंकणांतले किल्ले भराभर त्याचे झाले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला, आंगऱ्यांनीं त्यास पकडून दिलें, व त्याच वर्षीं पुण्यास त्याला देहान्तशासन झालें.

आमचें लक्ष बंडापेक्षां निवाड्याकडे आहे. भाऊ मेले हें सिद्ध करावयाचें, तर दरबाराजवळ साधन काय होतें? नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते, पण तेथून जीव घेऊन निसटले होते. दोन मोत्यें गळाल्याची सांकेतिक बातमी नानासाहेबांस वाटेंत मिळाली, तीहि ऐकीवच. म्हणून दरबारानें दुसरी वाट धरली : भाऊंचें मरण बाजूस ठेवून ‘हा पुरुष कोण’ एवढेंच ठरविलें. राज्य राखण्यास तें पुरेसें होतें. परंतु तोतया खोटा ठरल्यानें भाऊ मृत ठरत नाहींत, हें तर्कदृष्ट्या उघड आहे.

शवाचा खरा पुरावा काशीराजाच्या फारसी वृत्तांतांत आहे. शुजाउद्दौल्याच्या पदरचा हा पंडित शव शोधणारांत होता. एक शिरावेगळें धड सांपडलें. जवळ मोत्यें पडलेलीं. पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा जुना व्रण, मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पायावर पद्म-मत्स्य रेषा, ह्यांवरून ओळख पटली व अग्निसंस्कार झाला. एकेक खूण एकटी दुबळी आहे. कट्यारीचा व्रण मात्र सहजासहजीं दुसऱ्याच्या पाठीवर सांपडावयाचा नाहीं, म्हणून त्यास आम्ही सर्वांत अधिक वजन देतों. परंतु हा वृत्तांत १७८० चा. तोतयाच्या पंचांपुढें तो असणें शक्यच नव्हतें. संग्राहकांनीं ह्या सनांचा क्रम ध्यानीं ठेवावा. पुष्कळ लेखक तो विसरून काशीराजाची साक्ष खुशाल १७७६ च्या पंचायतींत बसवितात!

हल्लींचीं न्यायालयें खुनाच्या खटल्यांत शव सांपडलेंच पाहिजे असें मानीत नाहींत. परिस्थितीची सांखळी मात्र अखंड लागते. बेपत्त्याविषयीं १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सात वर्षांची मुदत घातली, ती २०२३ च्या नव्या कायद्यांतहि कायम आहे. आपल्या धर्मशास्त्राची रूढ मुदत बारा वर्षांची. त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावें. भाऊंच्या बाबतींत ती मुदत १७७३ तच भरली होती.

पार्वतीबाईंनीं ती मानली नाहीं, व तोतयाचा निवाडाहि त्यांस पटवूं शकला नाहीं. १७८३ त त्या वारल्या, तेव्हां त्यांच्याबरोबरच भाऊसाहेबांचीं उत्तरकार्यें झालीं. गंगापुरास गोपिकाबाई त्यावेळीं हयात होत्या.