घाटातले पाणी आणि कृष्णविवरातला वायू

लोणावळ्याला सहल गेली, की मुलांना वळवणचे धरण दाखवतात. या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज तयार होऊ लागली. एक किलोग्रॅम पाणी ५०० मीटर खाली आले, तर सुमारे ५,००० जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढाच वायू कृष्णविवरात पडला तर? वाटेत त्याच्या वस्तुमानाच्या साधारण दहा टक्क्यांइतकी ऊर्जा बाहेर पडू शकते; म्हणजे घाटातल्या पाण्याच्या सुमारे १·८ लाख कोटी पट! हा वायू तबकडीसारखा फिरत आत सरकतो, कोटीभर अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण देतो.

गरुड तारकासमूहातला असा एक स्रोत १९९२ मध्ये रशियाच्या ग्रॅनाट उपग्रहावरून सापडला. त्याचे नाव जीआरएस १९१५+१०५. यातला १९१५ हा सन नव्हे. विषुवांश १९ तास १५ मिनिटे आणि क्रांती +१०·५ अंश, असे ते आकाशातले ढोबळ स्थान आहे. १९९४ मध्ये मिराबेल आणि रॉड्रिग्ज यांना रेडिओ दुर्बिणीतून त्यातून निघणारे दोन अतिवेगवान झोत दिसले. क्वेसारसारखा, पण छोटा. म्हणून हा 'सूक्ष्म-क्वेसार'.

क्ष-किरण आपल्या वातावरणातच शोषले जातात. त्यामुळे ते पाहायला वर जावे लागते. २१ मार्च १९९६ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आयआरएस-पी३ या उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इस्रोच्या सहकार्याने बनवलेले क्ष-किरण शोधक होते. स्रोतावर रोखायच्या तिन्ही शोधकांचे मिळून क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेएवढे!

जून १९९७ मध्ये या शोधकांना एक विलक्षण ताल दिसला. साधारण ४५ सेकंदांनी एक, असे स्फोट एकामागून एक होत होते. प्रत्येक वेळी तेज हळूहळू चढे आणि झटकन उतरे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावरील स्फोटांत नेमके उलट घडते. तेथे तेज झटकन चढते आणि पृष्ठभाग निवताना सावकाश उतरते. येथे निवायला पृष्ठभागच नसेल तर? बिश्वजित पॉल, अगरवाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अर्थ लावला, की वायू घटना-क्षितिजापलीकडे नाहीसा होत असावा. हा पुरावा त्यांनी 'संभाव्य' म्हणूनच मांडला, हे महत्त्वाचे. तबकडीचा आतला भाग अस्थिर होऊन रिकामा होतो आणि पुन्हा भरतो, असेही स्पष्टीकरण त्याच सुमारास पुढे आले होते.

२००१ मध्ये जोडीदार ताऱ्याच्या गतीवरून या वस्तूचे वस्तुमान मोजले गेले. आजच्या मोजमापानुसार ते सूर्याच्या सुमारे बारा पट आहे. न्यूट्रॉन तारा एवढा जड असू शकत नाही. म्हणजे कृष्णविवर नक्की झाले. मात्र प्रत्येक स्फोटाचा अर्थ त्याने ठरला नाही. म्हणूनच २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या अॅस्ट्रोसॅटवरच्या कितीतरी मोठ्या शोधकांनीही हाच स्रोत पुन्हा न्याहाळला.

वर्गात फळ्यावर हे दोन आलेख काढावेत: एक झटकन चढणारा, दुसरा झटकन उतरणारा. 'यातल्या कोणाला पृष्ठभाग आहे?' असे मुलांना विचारावे. आणि उत्तर आल्यावर, 'खात्री किती?' हेही.