साहेबाआधीचा नाताळ

डिसेंबरात विश्रांतवाडीच्या दुकानांबाहेर सांताच्या टोप्या लटकू लागल्या की वाटायचं, हा सण पुण्यात इंग्रजांनी आणला, कॅम्पात. मग आपण ‘नाताळ’ का म्हणतो? शब्द पोर्तुगीज आहे. लिस्बनमध्ये आजही सणाला ‘नाताल’च म्हणतात. पाव, चावी आले त्याच वाटेने तो मराठीत आला.

पुण्यातला त्याचा पत्ता क्वार्टर गेटजवळ, सिटी चर्चचा. ही जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिली, आपल्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी. खडकीची लढाई १८१७ची. म्हणजे साहेबाचा अंमल यायच्या आधी पंचवीस वर्षं!

गंमत अशी, की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली ती पोर्तुगीजांकडूनच. तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत आल्या, भीमाशंकरची त्यांतलीच. त्याच पेशवे घराण्याने त्रेपन्न वर्षांनी चर्चला जमीन दिली. यात औदार्य किती आणि चांगले लढवय्ये टिकवायचा हिशेब किती? मला हिशेबच जास्त दिसतो, आणि त्यात वावगं काही वाटत नाही.

यंदा चोवीसच्या रात्री तिथे गेलो. घंटा वाजली, तेव्हा मला भीमाशंकर आठवलं.