बट्ट्याचा हिशेब

आमच्या नेरूळच्या घरी कपाटातल्या पेटीत चांदीचा एक रुपया आहे. 1911 सालचा, पंचम जॉर्जच्या छापाचा. आजोबा जहाजावर खलाशी होते, त्यांनी तो मोंबासाहून आणला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत 1920 पर्यंत रुपयाच चालत असे, त्यामुळे मुंबईच्या नाण्याला तिथे कुणी परके मानत नसे. पुढे तो रुपया आमच्या थोरल्या भावाकडे दुबईला गेला. 2009 साली भावाने तो नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या एका परदेशी कंपनीकडे धाडला, आणि तो सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, वर 58 हा आकडा घेऊन परत आला. आता भावाचा मुलगा म्हणतो, चाचा, हा आकडा कमी पडलाय. पुन्हा पाठवू, 61 किंवा 62 मिळेल.

आकड्यांची ही पट्टी 1 ते 70 अशी आहे. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये ती मांडली. आपल्या देशातल्या जुन्या तांब्याच्या सेंटांची किंमत ठरवायला त्याला ती हवी होती. पूर्ण झिजलेल्या सेंटाची किंमत एक धरली तर निर्दोष सेंटाची सत्तर, असा त्याचा हिशेब. किमतीचा तो हिशेब लवकरच मोडला, पट्टी मात्र राहिली, आणि 1986-87 च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या कंपन्यांनी ती जगभर नेली. 60 पासून पुढे वापरात न आलेले नाणे. 58 म्हणजे उंबरठ्यावर अडलेले. एवढ्याशा फरकाने किंमत बरीच बदलते. पुतण्याचे म्हणणे असे की राजाच्या गालावर जी फिकी जागा दिसते ती झीज नाही, टांकसाळीतच ठसा नीट उमटलेला नाही. तो भिंगातून दाखवतो तेव्हा आम्हालाही तसेच वाटते. भिंग खाली ठेवले की शंका येते.

या रुपयाची गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असेल. राजाच्या झग्यावर पदकांची माळ आहे आणि तिच्यात एक हत्ती आहे. सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमानांनी हरकत घेतली. सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 च्या रुपयावर स्पष्ट सोंडेचा हत्ती आला. काडतुसांवरून 1857 मध्ये काय झाले ते सरकार विसरले नव्हते, असे आम्हाला वाटते. संग्राहकांच्या याद्यांत 94 लाख नाणी पाडली आणि सात लाखांच्या आसपास लोकांत गेली, असा आकडा आढळतो. म्हणजे या रुपयाला आज जे मोल आहे ते आपल्याच लोकांच्या नाराजीने दिलेले आहे. गंमत अशी की नाणे झिजते तेव्हा राजाचा गाल आणि तो हत्ती हेच उंच भाग आधी घासतात. आमच्या नाण्यावर हत्ती शाबूत आहे.

पण दर्जाचा आणि पैशाचा हा व्यवहार काही अमेरिकेतून आलेला नाही. नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो. बट्टा हा सराफाच्या कट्ट्यावरचा शब्द. मुघल काळात रुपयाची किंमत नुसत्या चांदीवर ठरत नसे, तो कोणत्या वर्षी पाडला यावरही ठरे. बंगालमध्ये चालू वर्षाचा सिक्का रुपया पूर्ण मोलाचा, दुसऱ्या वर्षी त्यावर शेकडा तीन बट्टा, तिसऱ्या वर्षापासून पाच. चांदी तीच, वजन जवळपास तेच, फक्त साल मागे पडले. मग रुपयावाल्यापुढे दोन वाटा असत. सराफाला बट्टा देऊन मोकळे व्हायचे, किंवा टांकसाळीत जाऊन तीच चांदी नव्या सालाच्या ठशाखाली घालायची. दुसऱ्या वाटेला टांकसाळीचा खर्च आणि थांबण्याचे दिवस. पुतण्या जो प्रश्न विचारतो आहे तोच हा.

आपल्याकडेही परखणाऱ्याशिवाय पान हलत नव्हते. पोतदार हे आज आडनाव आहे, तेव्हा ते नाणे पारखणाऱ्याचे काम होते. पेशवाईत पुण्याचा अंकुशी, होळकरांचा चांदवडी, सुरतेचा रुपया, सगळे एकाच बाजारात येत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. नाव मात्र बहुतेकांवर दिल्लीच्या शाह आलमचे, अक्षरे फारसी. पुण्याच्या रुपयावर शहराचे नाव मुहियाबाद असे येई. पोतदाराला ती अक्षरे वाचता येत असोत वा नसोत, अंकुशाची खूण त्याला पुरे होती.

कंपनी सरकारने या बट्ट्यावर उपाय शोधला तो मजेशीर आहे. साल बदलायचेच नाही! बंगालच्या रुपयावर शाह आलमचे 19 वे वर्ष आणि सुरती रुपयावर 46 वे वर्ष कायम करून टाकले. बादशहा 1806 मध्ये वारला, तरी त्याचे राज्यवर्ष टांकसाळीत तेच राहिले. 1835 च्या कायद्याने सगळीकडे 180 ग्रेन वजनाचा एकच रुपया आला आणि सराफांचा हा धंदा बसला. आमचा 1911 चा रुपयाही त्याच वजनाचा, म्हणजे 11.66 ग्रॅम.

आता आमचा हिशेब. फी, विमा, टपाल मिळून जो खर्च होईल तो आकडा चढला तरच वसूल होणार. आकडा तोच राहिला तर खर्च वाया. डबी फोडून नाणे सुटे पाठवले तर आकडा खालीही येऊ शकतो. शिवाय 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षे झालेले नाणे त्यात येते, आणि केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या संस्थेखेरीज कुणाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 2009 मध्ये भावाने धाडले तेव्हा या रुपयाला शंभर वर्षे झाली नव्हती. 2011 मध्ये झाली. कुणीतरी ओळखीचा खिशात घालून नेईल, हा पुतण्याचा तोडगा आम्हाला मंजूर नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही इतके दिवस बोललो नव्हतो. दादी हयात असताना दर ईदेच्या आधी घरातली चांदी राखेने घासली जाई. वाट्या, अत्तरदाणी, आणि हा रुपयाही. कापडाने हळूच, पण घासलेला आहे. 2009 मध्ये पारखणाऱ्याच्या नजरेतून ते सुटले. दुसऱ्या नजरेला दिसले तर साधा आकडा मिळणार नाही, घासून साफ केलेले नाणे असा शेरा पडेल. मग आजचा 58 तरी खरा का, हेही विचारावे लागेल.

गेल्या रविवारी आम्ही पुतण्याला हे सांगितले. तो बराच वेळ डबी उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "चाचा, विकताना घेणाऱ्याला हे सांगावं लागेल ना?"

आम्ही हो म्हणालो. त्याने डबी पेटीत ठेवली आणि किल्ली आमच्या हातात दिली.