शाहू महाराजांचा कुत्रा आणि शिकारखान्याची विद्या

सातारा शहराच्या पूर्वेस, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली हे क्षेत्र आहे. तेथे थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिच्या जवळच एका कुत्र्याचे दगडी स्मारक दाखविले जाते. लोक त्या कुत्र्याला खंड्या म्हणतात. यात्रेकरू समाधीला नमस्कार करतात आणि कुत्र्याकडे कौतुकाने पाहून पुढे जातात. मात्र या कुत्र्यावरून मराठ्यांच्या इतिहासात एक छोटासा खटला उभा राहिला आहे, आणि तो अजून नीट चालविला गेलेला नाही असे मला वाटते.

फिर्यादी आहे ग्रँट डफ. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात त्याने लिहिले की, मृत्यूपूर्वी काही वर्षे शाहू महाराजांच्या बुद्धीला भ्रम झाला होता. पुरावा म्हणून त्याने कुत्र्याची गोष्ट दिली. भर दरबारात महाराजांनी आपल्या आवडत्या कुत्र्याला जरीचे वस्त्र आणि दागिने घालून, स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. पुढे त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मानही दिला. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचविला होता, हेही डफच सांगतो. पण सांगून होताच ते विसरतो.

डफचा ग्रंथ कॅपनने मराठीत आणला आणि आपल्याकडील पिढ्या त्यावर वाढल्या. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ साली त्यावरची प्रसिद्ध टीका छापली, तेव्हा प्रथमच कुणी मराठी माणूस या साहेबाला उलट प्रश्न विचारू लागला. कुत्र्याच्या प्रकरणीही तसाच प्रश्न विचारावयास हवा. मराठी परंपरेत हीच हकीकत निराळ्या रीतीने सांगतात. ऐश्वर्याचा ताठा चढलेला एक सरदार रत्नांनी मढून भेटीस येणार होता. महाराज साध्या पांढऱ्या वेषात बसले आणि सारे दागिने कुत्र्याच्या अंगावर चढविले. सरदार काय ते समजला. ही गोष्ट खरी मानली तर वेडेपणाच्या जागी चांगला तिखट विनोद दिसतो.

सनदेचे काय? ज्याने जीव वाचविला त्याला इनाम द्यावे, ही त्या काळची नित्याची रीत होती. कुत्रा काही वसूल गोळा करणार नव्हता. अशा नेमणुकीचा खरा अर्थ त्याला खाऊ घालणाऱ्या, फिरविणाऱ्या आणि दुखण्यात जागणाऱ्या माणसांच्या पोटाची सोय, असा मी घेतो. आवडता हत्ती किंवा घोडा यांच्या खर्चाची तजवीज दरबार करीत असे, त्याला कोणी भ्रम म्हटले नाही. सातव्या वर्षी कैदेत गेलेला आणि अठरा वर्षांनी, १७०७ साली, सुटून आलेला हा राजा होता. शिकारीच्या मोकळ्या रानात त्याचा जीव रमला, तर त्यात नवल ते काय?

मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हा स्वतंत्र कारखाना होता. त्यामागची विद्या फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्री बाळगणारे पारधी राज्याच्या रानांतून गस्त घालतात आणि चोर वा शत्रू दिसला की शंख-नगारे वाजवून इशारा देतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त तर ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांना वाहिलेला स्वतंत्र अध्याय आहे. सारमेय म्हणजे सरमेची संतती. सरमा ही इंद्राची कुत्री. राजाने स्वतःच्या नावे कुत्र्यांवर अध्याय लिहावा, इतकी ती विद्या प्रतिष्ठित होती.

ती आज कुठे जिवंत आहे म्हणाल, तर मुधोळच्या परिसरात. घोरपड्यांच्या या संस्थानाचे मालोजीराव यांनी रानात शिकार करणाऱ्या बेडर लोकांजवळची सडपातळ, लांब पायांची कुत्री हेरली आणि त्यांची पैदास राजाश्रयाने वाढविली, असे सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पंचम जॉर्ज बादशहास एक जोडी नजर केली आणि मुधोळचे नाव विलायतेत गेले. सोलापूर-सांगलीकडे याच कुत्र्याला कारवान म्हणतात. श्वानसंघांतही एकमत नाही. एक त्याला कारवान म्हणून नोंदवितो, दुसरा मुधोळ म्हणून. मुधोळ आता कर्नाटकात आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. एकाच जिवाला दोन नावे का पडतात, हे मंचेरियलच्या मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या कुत्र्याची शिकवण त्याच्या नजरेवर उभी आहे. तो वासापेक्षा डोळ्यांनी शिकार धरतो, म्हणून त्याला मोकळे माळरान लागते. दाट झाडीत त्याचा वेग वाया जातो. पिलाला लवकर पळविले तर कोवळी हाडे आणि सांधे कायमचे बिघडतात. अंग भरेपर्यंत त्याला मोकळे खेळू द्यावे, हाकेला परत येण्याची सवय लावावी, आणि मग जाणत्या कुत्र्याच्या जोडीने रानात न्यावे. पुष्कळसे ते त्याच्याकडूनच शिकते. सर्वांत कठीण धडा थांबण्याचा. ससा दिसला तरी पट्टा सुटेपर्यंत उभे राहणे, हे ज्याला जमले तो कुत्रा तयार झाला. मारून हे शिकविता येत नाही. ही जात मानी असते. मार खाल्लेला कुत्रा हाक ऐकूनही दूर उभा राहतो.

खाणे साधे असते: ताकात किंवा दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, जमेल तेव्हा अंडे-मांस. पोट भरल्यावर लगेच पळवू नये. रानातून आल्यावर पंजे उघडून काटे पाहावेत, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी. अंगावर चरबी नाही, केस आखूड. म्हणून थंडीत त्याला गोणपाट तरी पांघरावे लागते. राजवाड्यात आणि धनगराच्या वाड्यावर यात फरक असेल तर जरीच्या झुलीचाच.

चित्ते सांभाळणाऱ्यांना कोल्हापुरात चित्तेवान म्हणत. त्यांची आठवण निदान संस्थानच्या इतिहासात उरली. कुत्री सांभाळणाऱ्यांची नावे मात्र कोणी टिपली नाहीत. मुधोळच्या कुत्र्याला २००५ साली टपालाच्या तिकिटावर जागा मिळाली आणि २०१६ मध्ये त्याची पिले लष्कराने मेरठला शिक्षणासाठी नेली. ज्या बेडरांनी ही जात राखली, ते कोणत्या तिकिटावर आहेत?

शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, आणि ते योग्यच झाले. आपल्या जन्नारमच्या रानाचा कवाल हा व्याघ्रप्रकल्प २०१२ साली झाला. तेथे राहणारी कोळसुंदी, म्हणजे रानकुत्री, ही गावातल्या कुत्र्यांची दूरची भावंडे. गावकुत्र्याचा रोग त्यांना लागतो. २०१८ साली गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या रोगाने सिंह दगावले, तोही कुत्र्यांत सर्रास आढळणारा विषाणू. त्यामुळे जंगलाकाठच्या गावी राखणीला कुत्रा पाळणाऱ्याने पिलाला सहाव्या-आठव्या आठवड्यापासून डिस्टेंपरची लस द्यावी, पुढच्या मात्रा चुकवू नयेत, रेबीजची लस दरवर्षी टोचावी, आणि रात्री त्याला रानात मोकाट सोडू नये.